काळ्या मातीतला रंगीत बटवा

पाकीट काळे किंवा तपकिरीच असले पाहिजे, हा नियम कोणी केला हे एकदा शोधून काढायला हवे. आपण घराच्या भिंतींना आकाशी रंग देतो, मुलांना लालभडक झबली शिवतो, दिवाळीत दारासमोर सात रंगांची रांगोळी काढतो. पण पाकीट घ्यायची वेळ आली की दुकानदार काळ्या चामड्याचे चार नग समोर टाकतो आणि आपण त्यांतला सर्वांत कमी काळा निवडून समाधानाने घरी येतो.

गंमत अशी की, या काळ्या घरात राहणारे भाडेकरू हल्ली भलतेच रंगेल झाले आहेत. २०१६ पासून ज्या नव्या नोटा निघाल्या, त्या जरा ओळीने मांडून पाहा. दोनशेची नोट पिवळीधमक, पन्नासची निळी, शंभराची जांभळट, विसाची हिरवट पिवळी आणि दहाची चॉकलेटी. पाचशेची तेवढी करड्या रंगाची, जबाबदार कारकुनासारखी! एवढी रंगपंचमीची मंडळी आपण कोळशाच्या कोठारात कोंडून ठेवतो आणि वर म्हणतो की पैशात काही आनंद नाही.

माझ्याकडे मात्र गेल्या हिवाळ्यापासून एक लालभडक बटवा आहे. कडेला पिवळ्या-हिरव्या दोऱ्याची वेलबुट्टी, मधोमध चार आरसे, झाकणाच्या टोकाला तीन कवड्या. हा बटवा मी पुण्यामुंबईच्या कुठल्या झगमगीत दुकानातून आणलेला नाही. तो आला आहे बुलढाणा जिल्ह्यातल्या एका लमाण तांड्यावरून. त्याची ही हकिकत.

बुलढाणा जिल्ह्याचे दोन मजले आहेत. तिथली माणसे बोलतानाच 'घाटाखाली' आणि 'घाटावर' अशी विभागणी करून बोलतात. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हा घाटाखालचा मजला. मुंबई-नागपूर आगगाडी याच मजल्यावरून धावते आणि गजाननमहाराजांचे भक्त शेगावला उतरतात ते इथेच. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा घाटावरचा मजला. आम्ही, म्हणजे मी आणि आमच्या सौ., मलकापूरला पहाटे उतरलो आणि बसने राजूरचा घाट चढू लागलो. अजिंठ्याच्या डोंगररांगेचाच हा एक भाग. वळणावळणाने गाडी वर आली आणि हवेतला गारवा एकदम अंगाला झोंबला. जिल्ह्याचे ठाणे डोंगरावर का वसवले, हे कोणाला विचारावे लागले नाही.

आमचा बेत साधा होता. सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान पाहायचे, मेहकरला शारंगधर बालाजीचे दर्शन घ्यायचे आणि मग लोणारचे सरोवर. उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात पडलेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो प्रचंड खळगा आणि त्यातले खारे पाणी यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले तेव्हा तर साऱ्या देशाने त्याची छायाचित्रे पाहिली. क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांची ती करामत होती. तेव्हा त्याविषयी मी अधिक लिहीत नाही. माझे लक्ष वेधले ते रस्त्याकडेच्या शेतांनी.

कापसाची वेचणी चालू होती. या मुलखातली माती काळी. नुसती काळी नव्हे, ओल्या पाटीसारखी काळी. तिच्यावर कापसाची पांढरी बोंडे आणि मधूनच तुरीची पिवळी फुले. या काळ्या-पांढऱ्या चित्रात दूरवर एक लाल ठिपका हलताना दिसला. मग आणखी दोन. जवळ गेल्यावर पाहिले तर त्या लमाण स्त्रिया होत्या. फेटिया म्हणजे त्यांचा घेरदार घागरा, काचळी म्हणजे आरसे जडवलेली चोळी आणि डोक्यावरून घेतलेली छांटिया. सगळ्याच जणी तशा पोशाखात नव्हत्या. तरण्या मुली आणि सुना साड्यांत किंवा पंजाबी पोशाखात होत्या आणि वरून नवऱ्याचा जुना सदरा चढवलेला होता. तो जुना झगझगीत पोशाख फक्त दोघीतिघी म्हाताऱ्यांच्या अंगावर होता. सौ. म्हणाल्या, "एवढा रंग आणि तोही शेतात कामाला येताना?"

हा प्रश्न शहरातल्या माणसाचा आहे. आपल्याकडे रंग लग्नामुंजीचा, काम मळखाऊ कपड्यांचे. या लोकांच्या इतिहासात शिरल्यावर मात्र प्रश्नाचे उत्तर सापडू लागते.

लमाण, बंजारा, किंवा त्यांच्याच शब्दांत 'गोर' हे जुन्या काळचे मालवाहू व्यापारी. 'लवण' म्हणजे मीठ, त्यावरून लमाण, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. हजारो बैलांच्या पाठींवर धान्याच्या आणि मिठाच्या गोण्या लादून त्यांचे तांडे या दख्खनमधून हिंडत. सैन्य मोगलांचे असो, मराठ्यांचे असो की इंग्रजांचे, त्याच्या पोटात पडणारा दाणा पुष्कळदा यांच्याच बैलांवरून येई. १८०३ च्या सप्टेंबरात असईची लढाई झाली. ते असई गाव बुलढाण्याच्या सीमेला लागून असलेल्या जालना जिल्ह्यात आहे. त्या मोहिमेत आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, तोही रसदीसाठी बंजाऱ्यांवर अवलंबून होता.

असा तांडा रानातून चालतो तेव्हा माणूस दुरून ओळखू आला पाहिजे. धुळीच्या लोटात आपली आई कुठे, बहीण कुठे, हे पोराला कळले पाहिजे. आरशाची एक चमक दिसली की पुरे. रंगाचा असाही एक उपयोग आहे. आणि ज्यांचे घर बैलाच्या पाठीवर, त्यांनी भिंत कुठली रंगवायची? त्यांनी आपले कपडे रंगवले, बैलांच्या झुली रंगवल्या आणि पैशांचे बटवे रंगवले.

मग आगगाडी आली. १८६७ पर्यंत लोहमार्ग मलकापूर-शेगाववरून थेट नागपूरला पोचला आणि १८७० साली जलंबहून खामगावला फाटा गेला, तो मुख्यतः तिथल्या कापसाच्या बाजारासाठी. ज्या मालाला शेकडो बैल आणि कित्येक दिवस लागत, तो माल एका वाफेच्या शिटीबरोबर जाऊ लागला. त्यातच इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे ठिकठिकाणी या फिरत्या लोकांनाही त्यात गोवले. तो शिक्का १९५२ साली पुसला गेला. बैल गेले, व्यापार गेला. तांडे जिथे थांबले तिथेच स्थिरावले. मेहकर-लोणारच्या परिसरात असे अनेक तांडे आहेत. याच समाजातल्या वसंतराव नाईकांनी डिसेंबर १९६३ पासून ११ वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सांभाळले, हेही इथे सांगितले पाहिजे. पण तांड्यातल्या सामान्य बाईच्या हाती राहिला तो कापूस वेचायचा झोळणा आणि आईकडून आलेली सुई.

लोणारला ज्या गृहस्थांकडे आम्ही उतरलो होतो, त्यांच्या ओळखीने दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जवळच्या एका तांड्यावर गेलो. पन्नासेक घरे, सिमेंटचा रस्ता, एक शाळा, कडुनिंबाखाली दोन मोटारसायकली. एका ओसरीवर सत्तरीच्या घरातली बाई शिवत बसली होती. तांड्यावर आईला 'याडी' म्हणतात. आमच्या यजमानांनी तिला तशीच हाक मारली आणि मग आम्हीही तेच नाव धरले.

याडीने आम्हाला घोंगडीवर बसवले, चहा सांगितला आणि सौ. काही विचारणार तोच एक गाठोडे सोडून समोर ठेवले. त्यात तिच्या लग्नातला बटवा होता. लाल सुती कापडाचा रंग उतरून विटकरी झालेला, पण टाका एक हललेला नव्हता. त्याची घडण पाहून मी चकित झालो. एक चौकोनी कापड घ्यायचे, ते दुहेरी-तिहेरी करून धावदोऱ्याने गच्च भरायचे, वर साखळीटाक्याने आणि फुलीच्या टाक्याने नक्षी काढायची. मग तीन कोपरे मध्यावर आणून शिवून टाकायचे आणि चौथा कोपरा मोकळा ठेवायचा. तो झाकण! म्हणजे पत्र घालायच्या पाकिटाची जी घडी, तीच हुबेहूब. मराठीत पत्राच्या लिफाफ्याला आणि पैशाच्या बटव्याला आपण एकच 'पाकीट' शब्द का वापरतो, हे कोडे मला त्या ओसरीवर सुटल्यासारखे वाटले. भाषापंडित हसतील, हसोत.

तसे आपल्या भाषेने पैशाच्या घराला नावे कमी दिलेली नाहीत. कमरेला बांधायचा तो कसा, पानतंबाखूबरोबर चार नाणी सांभाळणारी ती चंची, दोरी ओढून तोंड आवळायचे तो बटवा, सावकाराची ती थैली. लुगड्याच्या कनवटीला किंवा पदराच्या गाठीला तर शिवण्याचाही खर्च नव्हता. यातली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी हाताने शिवलेली किंवा बांधलेली होती. आणि झाकणावरच्या त्या कवड्या! एके काळी देशाच्या पूर्वभागात कवड्या हेच चलन होते. म्हणून तर आपण अजून 'कवडीमोल' म्हणतो आणि 'फुटकी कवडी देणार नाही' असे बजावतो. नवे पैसे आत आणि जुना पैसा झाकणावर राखणीला, अशी ही रचना.

सौ.नी बटवा उलटा केला. शिवणकाम जाणणाऱ्या बायका कुठलीही गोष्ट आधी उलटी करून पाहतात. मागची बाजू जवळजवळ पुढच्याइतकीच नेटकी होती. "एवढा रंग कशाला हो, याडी?" सौ.नी शेतातला प्रश्न पुन्हा विचारला. म्हातारी हसून म्हणाली, "माय, अंधारात पडला तं दिसाले नको का?"

एवढे सोपे उत्तर. काळे पाकीट काळ्या खुर्चीवर विसरून कितीतरी लोक गाडीतून उतरतात. लाल बटवा कोणी विसरत नाही. तो आपल्याला हाक मारतो.

मी विकत मिळेल का असे विचारले. लग्नातला बटवा विकायचा नव्हता, आणि मागायचाही नव्हता. पण गाठोड्यात दोन नवे होते. कोणी पाहुणा मागतो, कोणी नातलग लग्नासाठी सांगतो, म्हणून केलेले. किंमत विचारली तर तिने सांगितलेला आकडा इतका लहान होता की माझा हात आपोआप खिशाकडे गेला. पण सौ.नी मला थांबवले आणि तिलाच विचारले, "एक बटवा करायला किती दिवस लागले?"

"घरचं काम करून पाच दिवस, माय."

"आणि कापूस वेचायला गेलात तर पाच दिवसांचे किती होतात?"

याडी काही बोलली नाही. तिची सून दारात उभी होती, तिने आकडा सांगितला. वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि ती हुकमी असते. सुईची मजुरी गिऱ्हाइकाच्या लहरीवर. सांगितलेली किंमत त्या मजुरीच्या निम्मीही नव्हती. कलेविषयी आपण मोठमोठी व्याख्याने ऐकतो, पण ती मरते ती अशा साध्या त्रैराशिकात. सून म्हणाली, "म्या शिकली होती थोडं. पण टाईम कुठं भेटते? आन् पुरतं का?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हिशेब होता.

आम्ही वेचणीच्या मजुरीचा हिशेब धरून पैसे दिले आणि वर दोऱ्याआरशांचे वेगळे. याडीने आधी नको नको म्हटले. मग बारावीत शिकणारी नात बाहेर आली, तिने आपला मोबाइल पुढे केला आणि सौ.नी आपल्या मोबाइलवरून रक्कम पाठवली. बटव्याची किंमत बटव्यात न शिरताच पोचती झाली! नातीने आवाज मोठा करून यंत्राची पोच सर्वांना ऐकवली. म्हातारीने मोबाइलकडे आणि मग हातातल्या बटव्याकडे पाहिले आणि म्हणाली, "पैशाले आता घरच नाही लागत, व्हय?" सगळे हसलो, पण ते हसू मला परतीच्या वाटेवर बराच वेळ बोचत होते.

त्या नातीला शिवता येते का, हेही आम्ही विचारले. ती लाजून म्हणाली की तिला परिचारिका व्हायचे आहे. व्हावेच तिने. आजीचा टाका टिकावा म्हणून नातीने शाळा सोडावी, असे कोण म्हणेल? टाका टिकायचा असेल तर त्याचा मोबदला टिकण्याजोगा हवा. शेजारच्या कर्नाटकात संडूरला लमाण स्त्रियांच्या भरतकामाला संघटित रूप आले, त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ च्या जुलैत हंपीला जी-२० ची बैठक भरली तेव्हा साडेचारशेहून अधिक स्त्रियांच्या हातच्या १,७५५ वस्तूंच्या प्रदर्शनाची गिनेस बुकात नोंद झाली. टाका तोच, आज्याही तशाच. फरक पडला तो मागे उभ्या राहिलेल्या व्यवस्थेने.

वाचकांपैकी कोणाला असा बटवा घ्यावासा वाटला तर चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. यात्रा-बाजारात आणि शहरांतल्या प्रदर्शनांत 'बंजारा' म्हणून जे ढिगाने विकले जाते, त्यात यंत्राचे पुष्कळ असते. तेव्हा आधी वस्तू उलटी करावी. यंत्राच्या भरतकामाला मागून बहुधा एकाच रंगाचा, पुष्कळदा पांढरा दोरा धावलेला दिसतो आणि सगळे टाके लष्करी शिस्तीत असतात. हाताच्या कामात मागेही तेच रंग दिसतात आणि एखादा टाका किंचित वाकडा असतो. तो दोष मानू नये. ती सही आहे. आरसा बोटाने चाचपावा. काच थंड लागते, प्लॅस्टिक लागत नाही. आणि तो डिंकाने न चिकटवता चारी बाजूंनी टाक्यांत धरलेला असावा. पांढरा रुमाल ओला करून लाल कापडावर हलकेच घासावा. रुमाल लाल झाला तर पहिल्या पावसात नोटाही होतील.

मापाचेही पाहावे. पूर्वीची पाचशेची नोट १६७ मिलिमीटर लांब आणि ७३ रुंद होती. आताची १५० लांब आणि ६६ रुंद आहे. एक घडी घातली की ७५ मिलिमीटर. म्हणजे आतून दहा सेंटिमीटरचा चौकोनी बटवा असला तरी घडीची नोट सुखाने बसते आणि बँकेचे कार्डही. नाण्यांसाठी आत एक लहान कप्पा शिवून घ्यावा. मळला तर रिठ्याच्या थंड पाण्यात हलक्या हाताने धुऊन सावलीत वाळवावा, पिळू नये. आणि किंमत ठरवताना सौ.चे त्रैराशिक वापरावे: किती दिवस लागले आणि त्या दिवसांची त्या गावची मजुरी काय. पैसे ठेवायच्या वस्तूवरच पैशांची घासाघीस करणे बरे दिसत नाही.

आता वापराचा अनुभव. पहिल्या दिवशी भाजीवाल्यासमोर लाल बटवा काढताना मला चोरट्यासारखे झाले होते. कचेरीतल्या एका सहकाऱ्याने विचारले, "वहिनींचा आणलात का?" चौथ्या दिवशी भाजीवाला म्हणाला, "साहेब, आरसा इकडे करू नका, डोळ्यात उन्ह येते." महिनाभरात त्याची सवय झाली, माझी नव्हे, लोकांची. आता मी कुठे बटवा ठेवून आलो तर लोक मागे धावत येऊन देतात. तो कोणाचा, याविषयी कोणालाच शंका नसते. सामान्य माणसाला अशी ओळख सहसा मिळत नाही.

दुसरा फायदा अनपेक्षित होता. मोबाइलवरून पैसे जातात तेव्हा ते गेल्याचे कळत नाही; एक आवाज येतो आणि संपते. बटव्याचे झाकण मात्र उचलावे लागते, कवड्या बाजूला कराव्या लागतात, नोट उलगडावी लागते. तेवढ्या क्षणात मन विचारते, हे खरोखर हवे आहे का? पुष्कळदा उत्तर 'नको' असे येते आणि झाकण पुन्हा बंद होते.

तांड्यांवर दिवाळीच्या अमावास्येला कुमारिका हातात दिवा घेऊन घरोघर 'मेरा' मागायला जातात. त्या वडीलधाऱ्यांना शुभ चिंतितात आणि वडील मंडळी त्यांच्या हाती पैसे ठेवतात. ती नाणी मोबाइलवरून पाठवता येत नाहीत, ती कुठून तरी काढूनच द्यावी लागतात. यंदा पाडव्याला आणि भाऊबीजेला आपणही ओवाळणी घालूच. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर चोपडीशेजारी आमच्याकडे या वेळी तो लाल बटवा राहणार आहे. त्यात फार काही असेल असे नाही. पण पाच दिवसांच्या एका बाईच्या कष्टांची पुरती किंमत त्याच्यासाठी मोजलेली आहे, आणि लक्ष्मीला बसायला ती जागा बरी आहे.